घरच्याच बाजाराची गाडी

जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा एक वर्ग आहे. लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी. एवढ्यात बसली की करात सवलत आणि पिवळी नंबरप्लेट. यातल्या बहुतेक गाड्या जपानबाहेर विकल्याच जात नाहीत. आपली १९८३ ची मारुती ८०० याच कुळातली, फक्त सुझुकीने तिला इकडे ७९६ सीसीचे इंजिन दिले.

अशा घरच्या बाजाराच्या गाड्यांशी बारामती-इंदापूरचाही धागा आहे; तो मात्र जपानशी नाही, इटलीशी जुळतो. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. इटलीत तिचे उत्पादन साठच्या दशकातच थांबले. इकडे ती ‘पद्मिनी’ होऊन शतक संपेपर्यंत बनत राहिली. परक्याची गाडी अखेर आपल्याच बाजाराची झाली! मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

शेजारच्या बारामतीत पियाजिओचा कारखाना आहे. ऊस, दूध, भाजी आणि शाळेची पोरे वाहणारी ॲपे रिक्षा इथलीच; २०१२ पासून वेस्पा स्कूटरही इथे बनते. मूळ ॲपे १९४८ ची, इटलीतल्या पोंतेदेराची. तिथे २०२४ अखेर तिचे उत्पादन बंद झाले. बारामतीत ते सुरू आहे.