भरल्या वाटीशेजारी तहानलेला सरडा

पिंजऱ्यात स्वच्छ पाण्याची वाटी ठेवलेली असते. पाणी रोज बदलले जाते. तरीही काही महिन्यांत प्राण्याचे डोळे खोल जातात, तो खाणे सोडतो आणि एके सकाळी फांदीवरून खाली पडलेला सापडतो. तपासणी केली तर मूत्रपिंडे निकामी झालेली दिसतात. शॅमेलिऑन पाळणाऱ्या घरांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. मालकाने हयगय केलेली नसते. वाटीतले पाणी त्या प्राण्याला पाणी म्हणून ओळखताच आलेले नसते, एवढेच.

शॅमेलिऑन म्हणजे आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा लाल गळ्याचा सरडा नव्हे. तो वेगळ्या कुळातला. शॅमेलिऑनचे दोन डोळे दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरतात, पायांची बोटे चिमट्यासारखी फांदी पकडतात, शेपटी गुंडाळली जाते आणि जीभ शरीराच्या लांबीपेक्षाही लांब फेकली जाते. अमेरिका-युरोपात तो लोकप्रिय पाळीव प्राणी आहे आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही त्याचा हट्ट धरतात. भारतातही परदेशी जातींचे शॅमेलिऑन पाळणारे हौशी लोक आहेत. या प्राण्याला खायला काय घालायचे, हे सगळे विचारतात. पाणी कसे द्यायचे, हा प्रश्न मात्र बहुतेकांना पडतच नाही. आणि त्याचा जीव जातो तो बऱ्याचदा तिथेच.

दव पिणारा प्राणी

पाळण्यासाठी सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या जातींपैकी एक आहे ‘व्हेल्ड शॅमेलिऑन’. त्याच्या डोक्यावर उंच तुरा असतो. तो मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागातला. अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येते. पण येमेनमधला इब्ब परिसर पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीसाठी आणि हिरवाईसाठी प्रसिद्ध आहे. या डोंगरांत दिवस कोरडा असला तरी रात्री गारवा उतरतो आणि पहाटे पानांवर दव जमते. दुसरी लोकप्रिय जात ‘पँथर शॅमेलिऑन’. ती मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडची, म्हणजे भरपूर पावसाच्या प्रदेशातली.

दोघेही झाडावर राहणारे. ओढ्यावर किंवा डबक्यावर जाऊन पाणी पिणे त्यांच्या आयुष्यात सहसा येत नाही. पानावरून ओघळणारा, प्रकाशात चमकणारा थेंब दिसला की ते पुढे सरकतात आणि जबडा सावकाश हलवत तो टिपतात. स्थिर पाण्याच्या पृष्ठभागाकडे त्यांचे लक्ष सहसा जात नाही. काही शॅमेलिऑन वाटीतून प्यायला शिकतातही. पण आपला शॅमेलिऑन तसा निघेल, यावर विसंबणे धोक्याचे. शिवाय उष्ण खोलीत साचलेल्या वाटीत पडलेले किडे आणि विष्ठा यांमुळे जंतूंची पैदास होते, ती वेगळीच.

पालीच्या लेंडीतले शास्त्र

आपले मूत्रपिंड पाण्याची बचत करण्यात पटाईत आहे. पाणी कमी प्यालो तर ते लघवी रक्ताच्या चौपट दाट करू शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडात ही सोय नाही. रक्तापेक्षा दाट लघवी त्यांना करता येत नाही. त्यांनी दुसरा मार्ग काढला. प्रथिनांच्या पचनातून उरणारा नायट्रोजन आपण युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून टाकतो. ते तो युरिक ॲसिडच्या रूपात, जवळपास घट्ट लगदा करून बाहेर टाकतात. भिंतीवरच्या पालीच्या काळ्या लेंडीला एक पांढरे टोक असते, ते आपण सगळ्यांनी झाडून काढलेले आहे. ते पांढरे टोक म्हणजेच पालीची लघवी. शॅमेलिऑनचेही तसेच.

ही व्यवस्था काटकसरीची असली तरी तिची एक अट आहे. युरिक ॲसिड मूत्रपिंडातून पुढे ढकलायला थोडे तरी पाणी लागतेच. ते सतत कमी पडले की रक्तातले युरिक ॲसिड वाढते आणि त्याचे खडे मूत्रपिंडात, सांध्यांत, कधी हृदयाभोवतीच्या आवरणावरही साचू लागतात. माणसाचा अंगठा सुजवणारा हाच तो गाऊट. माणूस तोवर डॉक्टरकडे जातो. शॅमेलिऑन मात्र दुखणे लपवतो, कारण रानात अशक्त दिसणे म्हणजे शिकार होणे. लक्षणे दिसू लागतात तोवर मूत्रपिंडाचा बराच भाग कामातून गेलेला असतो. म्हणून या प्राण्याची तहान एका दिवसाच्या हिशेबाने पाहता येत नाही. महिनोन्‌महिने थोडे थोडे कमी पडलेले पाणी त्याला मारते.

पाणी कमी पडले की शिकारही अवघड होते. शॅमेलिऑनच्या जिभेच्या टोकावर चिकट द्राव असतो. बेल्जियममधल्या मॉन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा दाटपणा मोजला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. तो माणसाच्या लाळेच्या सुमारे ४०० पट भरला. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक-तृतीयांश वजनाचे भक्ष्य तो याच द्रावाच्या बळावर ओढून आणतो. शरीरच सुकले तर हा द्राव आणि जिभेचे स्नायू दोन्ही नीट काम करीत नाहीत. मग नेम चुकतो, खाणे घटते आणि खाण्यातून मिळणारे पाणीही आटते.

हवाई बेटावरची गोष्ट

तहानलेल्या शॅमेलिऑनला योग्य जागा मिळाली तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या हवाई बेटांवर आहे. १९७२ मध्ये ओआहू बेटावरच्या कानेओहे इथल्या एका दुकानदाराने केनियातून तीन शिंगांचे ‘जॅक्सन शॅमेलिऑन’ मागवले. लांबच्या प्रवासात ते रोडावले होते, सुकले होते. त्यांना तरतरी यावी म्हणून त्याने ते आपल्या अंगणातल्या झाडांवर सोडले. बेटाची ती बाजू पावसाची आणि दाट झाडीची. प्राणी सावरले आणि पसार झाले. आज त्यांची प्रजा हवाईच्या अनेक बेटांवर आहे आणि तिथल्या मूळच्या गोगलगायी व कीटक खाऊन फस्त करत असल्याने ती पर्यावरणाची डोकेदुखी ठरली आहे.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. शॅमेलिऑनला जगवायला महागडी औषधे लागत नाहीत; ओली पाने, गार रात्र आणि वाहती हवा लागते. आणि पाळलेला परदेशी प्राणी, कितीही दया आली तरी, बाहेर सोडायचा नसतो.

तहान ओळखायची कशी?

रोज पाहण्याजोगी पहिली खूण म्हणजे विष्ठेतला पांढरा भाग. तो पांढरा आणि मऊ असेल तर ठीक. टोकाला किंचित पिवळा असेल तर लक्ष ठेवावे. सगळाच गडद पिवळा किंवा नारिंगी आणि खडूसारखा कोरडा झाला असेल तर पाणी कमी पडते आहे. मात्र उपासामुळे किंवा आजारामुळेही हा रंग बदलतो, म्हणून एकाच खुणेवर निदान करू नये.

दुसरी खूण डोळ्यांची. निरोगी शॅमेलिऑनचे डोळे बुरुजासारखे पुढे आलेले असतात. डोळ्यामागच्या ऊतींतले पाणी घटले की ते आत ओढलेले दिसतात. झोपेत किंवा घाबरल्यावर डोळे थोडे आत जाणे स्वाभाविक आहे. पण दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारी समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावा. याखेरीज कुशीवर न विरणाऱ्या सुरकुत्या, तोंडात तारेसारखी ओढली जाणारी लाळ आणि भूक मंदावणे याही खुणा आहेत. अंगाच्या रंगावरून मात्र तहानेचा अंदाज बांधू नये. तो उजेड, ऊब, राग, भीती अशा अनेक कारणांनी बदलतो.

पिल्लांबाबत अधिक जागरूक राहावे लागते. लहान शरीराचे आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, त्यामुळे ते लवकर सुकते.

रात्र ओली, दिवस कोरडा

पिंजऱ्यात सतत पाणी फवारत राहणे हा उपाय नव्हे. उष्ण आणि कायम ओल्या हवेत बुरशी आणि जंतू वाढतात. त्वचेचे आणि फुप्फुसांचे विकार होतात. निसर्गातली लय घरात आणायची, हे सूत्र. येमेनी आणि मादागास्करच्या या दोन जातींसाठी दिवसा ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरते. रात्री तापमान उतरल्यावर ती ८० टक्क्यांपुढे गेलेली चांगली. दमट रात्री श्वासावाटे आणि त्वचेतून पाणी कमी उडते, त्यामुळे प्राणी सकाळी सुकून उठत नाही.

त्यासाठी पहाटे, दिवे लागण्यापूर्वी, पानांवर दोन-तीन मिनिटे बारीक फवारा मारावा. संध्याकाळी दिवे मालवल्यावर पुन्हा एकदा. तापलेल्या दिव्याखाली फवारा मारू नये. शॅमेलिऑन थेंब दिसताच धावत येत नाही. त्याला विचार करायला वेळ लागतो. घाईत दोन पिचकाऱ्या मारून निघून गेल्यास तो प्यायचा राहतो.

दुपारी एकदा ठिबक चालू करावे. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा नवा सेट यासाठी उत्तम. पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या वर टांगायची, नळीवरचे चाक फिरवून दोन-तीन सेकंदांना एक थेंब असा वेग ठेवायचा आणि थेंब रुंद पानावर पडू द्यायचा. खाली तबक ठेवून साचलेले पाणी रोज टाकून द्यायचे. पिंजऱ्यात जास्वंद, मनीप्लांट यांसारखी खरी झाडे असावीत; पानांवर थेंब टिकतात आणि झाडे स्वतःही हवा ओलसर ठेवतात. झाडांवर कीटकनाशक मारलेले नसावे.

रात्री धुके करणारे यंत्र वापरायचे असेल तर खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास किंवा खाली हवे आणि पिंजऱ्यात हवा खेळती हवी. मुंबई-कोकणात उन्हाळ्याच्या रात्री हवा आधीच दमट आणि उष्ण असते; तिथे धुके वाढवणे म्हणजे छातीच्या आजाराला आमंत्रण. उलट वातानुकूलित खोलीत किंवा थंड देशांतल्या हीटर लावलेल्या घरात हवा कल्पनेपेक्षा कोरडी असते. म्हणून अंदाजावर न जाता दिवसातली सर्वात कमी आणि सर्वात जास्त आर्द्रता नोंदवणारा मापक पिंजऱ्यात लावावा. फवाऱ्याची टाकी आणि नळ्या आठवड्यातून एकदा धुवाव्यात.

अन्नातूनही पाणी मिळते. रातकिड्याच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. पण दुकानातून आणलेला, उपाशी ठेवलेला किडा पोकळ असतो. आदल्या दिवशी त्याला गाजर, भोपळा, हिरवा पाला खाऊ घालून मगच द्यावा. वाळवलेल्या किड्यांवर शॅमेलिऑन पोसता येत नाही.

घाईतल्या चुका

प्राणी सुकलेला दिसला की घाबरून सिरिंजने तोंडात पाणी सोडले जाते. ही मोठी चूक. शॅमेलिऑनच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते; पाणी फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. टबात बुडवून ठेवण्याचाही उपयोग नाही. त्याची त्वचा पाणी शोषत नाही आणि झाडावरचा हा प्राणी पाण्यात भेदरतो. माणसांसाठीची एनर्जी पेये तर अजिबात देऊ नयेत.

थोडाच सुकलेला प्राणी असेल तर त्याला कुंडीतल्या झाडावर बसवून कोमट पाण्याचा हलका फवारा वरच्या पानांवर, थेट अंगावर न पडेल असा, १५-२० मिनिटे सोडावा आणि जवळ उभे राहावे. डोळे मिटलेला, पकड सुटलेला प्राणी मात्र डॉक्टरकडेच न्यावा. तिथे त्वचेखालून सलाईन देता येते. काही प्रतिजैविके सुकलेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडांना इजा करतात, त्यामुळे जाणकार पशुवैद्य आधी पाण्याची तूट भरून काढतो आणि मग औषध ठरवतो. घरातली उरलेली औषधे देऊ नयेत, ती याचसाठी. मान किंवा गळा पिशवीसारखा फुगला तरी तपासणी हवी. मूत्रपिंड बिघडल्यावर शरीरात पाणी साचते, ही त्याची दुसरी बाजू.

आपल्या रानातला शॅमेलिऑन

महाराष्ट्रातही शॅमेलिऑन आहे. भारतीय शॅमेलिऑन पानगळीच्या जंगलांत, शेताच्या बांधावरच्या झाडांत राहतो आणि कधी डुलत डुलत रस्ता ओलांडताना दिसतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. परदेशी जातींचे शॅमेलिऑन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहेत. २०२२ ची कायदा-दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार ते बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक आहे.

रस्त्यावर शॅमेलिऑन दिसला तर तो ज्या दिशेने चालला असेल त्याच दिशेच्या झाडावर काठीच्या आधाराने चढू द्यावा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरी आणून वाटीभर पाणी पुढे ठेवण्याची माया त्याच्या कामाची नाही. तो ज्या झाडावर चढेल, त्याच्या पानांवर त्याचे पाणी आहे.