सत्तरीतही बोटीवर पाय घट्ट

२०१९ साली ब्रिटनच्या जीन सॉक्रेटिसबाई शिडाच्या बोटीतून एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी मारून आल्या. वय ७७! त्याआधी बोटीवर पडून त्यांच्या मानेचं हाड आणि बरगड्या मोडल्या होत्या.

हलत्या बोटीत लागतो तोल, मांड्यांची ताकद आणि हाताची पकड. वयाबरोबर स्नायू झिजतात, पण व्यायामानं म्हातारपणीही बळ धरतात. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा. भिंतीचा आधार घेऊन एकेका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभ्या राहा. ओला टॉवेल पिळा. पासष्टीनंतर तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उतारवयात तहान कमी जाणवते. त्यात होडीवर आडोसा नाही म्हणून आपण पाणीच टाळतो. तसं करू नका; घोट-घोट पीत राहा. जेवणात डाळ, मासे, अंडं असू द्या. चक्कर येत असेल, तर आधी आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्या, मगच व्यायाम.

खाडीतली होडी असो की शेताचा बांध, तोल सांभाळणारे पाय तेच. गटाच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं यालाच द्या.