फुकटच्या यंत्राचा खर्च

वडिलांची पुण्यतिथी, कारखान्याचा सीएसआर निधी, गणेश मंडळाकडे उरलेली वर्गणी. निमित्त काहीही असो, गावच्या ग्रामीण रुग्णालयाला कोणी यंत्र देऊ केले की वैद्यकीय अधीक्षकांना नाही म्हणणे जड जाते. देणारा ओळखीचा असतो, सोबत लोकप्रतिनिधी असतात आणि बऱ्याचदा लोकार्पणाची तारीखही आधीच ठरलेली असते. फीत कापली जाते, फोटो छापून येतो. सहा महिन्यांनी ते यंत्र चालते आहे की नाही, याची मात्र बातमी होत नाही.

डायलिसिसचे यंत्र घ्या. देणगीदारांना ते विशेष भावते, कारण मूत्रपिंडाच्या रुग्णांची फरफट सर्वांनी पाहिलेली असते. पण खरा पसारा यंत्राच्या मागे असतो. डायलिसिसचा द्रव साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहतो. चार तासांच्या एका सत्रात १२० लिटर. दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाला हे दोन महिने पुरेल. एवढे पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून जाते आणि मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पोटाला चालणारे पाणी इथे चालत नाही. निर्जंतुकीकरणासाठी वापरलेले क्लोरीन किंवा क्लोरामाइन त्यात उरले, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आधी कार्बनचा फिल्टर, मग आरओ आणि पाण्याची नियमित तपासणी हवी. आरओमधूनही बरेच पाणी बाहेर टाकले जाते, त्यामुळे प्रत्यक्ष गरज १२० लिटरच्या खूपच वर जाते. उन्हाळ्यात जिथे रुग्णालयालाच टँकर लागतो, तिथे हे पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न फीत कापण्याआधीचा आहे.

त्याशिवाय प्रशिक्षित तंत्रज्ञ, डायलायझर आणि नळ्यांचा अखंड पुरवठा आणि वीज गेल्यावर लगेच सुरू होणारा जनरेटर हवा, कारण त्या क्षणी रुग्णाचे रक्त शरीराबाहेर नळ्यांमध्ये फिरत असते. यातले एक जरी तुटले तरी केंद्र बंद पडते, आणि त्याची झळ रुग्णाला बसते. गावात सोय झाली म्हणून त्याने शहरातली पाळी सोडलेली असते. आठवड्याला दोन-तीनदा लागणारा हा उपचार काही दिवस जरी चुकला, तरी रक्तातले पोटॅशियम वाढते, फुफ्फुसांत पाणी साचते आणि जीव धोक्यात येतो. नसलेल्या यंत्रापेक्षा मध्येच बंद पडणारे यंत्र जास्त घातक ठरते ते असे.

कधी कधी तर यंत्र सुरूच होत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या छोट्या देशात २००० साली एका मोठ्या रुग्णालयाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर देणगी मिळाले. तिथे ऑक्सिजनची खरोखर गरज होती आणि देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण तिथल्या विजेचा दाब आणि वारंवारता यंत्रांना जुळत नव्हती. यंत्रे बिघडली आणि गोदामात गेली. पुढे संशोधकांनी या प्रकरणाचा अभ्यास केला तेव्हा दिसले, की यंत्रे पाठवण्याआधी दोन्ही बाजूंत पुरेसे बोलणेच झाले नव्हते. ट्रान्सफॉर्मर लावून दाब बदलता येतो, वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. साठसाठी बनवलेली साधी मोटर पन्नासवर मंद फिरते आणि तापते. परदेशातल्या नातलगांकडून आलेले यंत्र स्वीकारण्यापूर्वी त्यावर चिकटवलेली छोटी पट्टी वाचली तरी पुरते.

बंद यंत्रांचा दोष अर्थात सगळा देणगीचा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१५ च्या सुमारास सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यात सरकारने स्वतः विकत घेतलेलीही होती. पण खरेदीच्या यंत्राबरोबर निदान हमी आणि देखभालीचा करार येऊ शकतो. वापरलेल्या यंत्राबरोबर बहुधा आशीर्वाद येतात.

कायद्याचाही भाग आहे. सोनोग्राफी यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला विकता येत नाही, तसेच फुकटही देता येत नाही. गर्भलिंग निदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. १९८८ मध्ये या विषयावर देशातला पहिला कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात तरी ही गोष्ट माहीत असायला हवी. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना देणगीबाबत एक साधी कसोटी सांगतात: देणाऱ्याच्या देशात जे उपकरण दर्जाअभावी वापरता येणार नाही, ते देणगी म्हणूनही चालणार नाही. देणगी घेणाऱ्याच्या गरजेवर ठरावी, हाही त्यांचा आग्रह आहे. म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार रुग्णालयाला आहे, आणि तो वापरणे हा उद्धटपणा नव्हे. रुग्ण कल्याण समितीने आपल्या गरजांची यादी आधीच तयार ठेवली, तर नकार देण्याऐवजी दुसरे काही मागता येते. देणगीदाराला तंत्रज्ञाचा तीन वर्षांचा पगार उचलता येईल, आरओचे फिल्टर पुरवता येतील, बंद पडलेल्या जुन्या यंत्राची दुरुस्ती करून देता येईल. स्टॅबिलायझर, पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाब मोजण्याची चांगली यंत्रे यांचीही गरज असतेच. अडचण एवढीच, की फिल्टरवर नावाची पाटी लावता येत नाही.

आणि यंत्र एकदा घेतले की परत करणे सोपे नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली की ते सरकारी मालमत्ता होते. नंतर ते भंगारात काढायचे तर निर्लेखनाचा प्रस्ताव, तपासणी, मंजुरी आणि लिलाव असा प्रवास असतो. तोवर ते वॉर्डातली जागा अडवून उभे राहते.