गोळी पेंड का फुटते? बाइंडर घालण्याआधी हे तपासा

गोळी पेंडेचे पोते संपत आले की तळाला भुगा उरतो. गाय गोळ्या उचलते, पण भुगा गव्हाणीतच राहतो. माशांच्या बाबतीत नुकसान दुहेरी होते. पाण्यात विरघळलेली गोळी माशाच्या पोटात जात नाही, ती तळाशी सडते आणि पाण्यातला प्राणवायू खाते.

साधा हिशेब करू. समजा, ५० किलोच्या पोत्यात १० टक्के भुगा निघाला आणि खाद्य ३० रुपये किलो आहे. म्हणजे एका पोत्यामागे दीडशे रुपयांचा माल भुग्यात गेला. यावर सल्ला ठरलेला असतो, 'बाइंडर वाढवा.' बाइंडर म्हणजे गोळी बांधून ठेवणारा पदार्थ. पण तो विकत घेण्याआधी गोळी मुळात कशाने बांधली जाते, ते समजून घेऊ.

गोळी कशाने बांधते?

म्हैसूर-मंड्या भागातले रोजचे जेवण म्हणजे नाचणीची मुद्दे. नाचणीत गव्हासारखे ग्लुटेन नाही. तरी उकळत्या पाण्यात पीठ घोटले की घट्ट गोळा होतो. आपल्याकडे मोदकाची उकड अशीच होते. ज्वारीच्या पिठाची विरी गेली, म्हणजे चिकटपणा कमी झाला, की आपण उकळते पाणी घालूनच भाकरी थापतो. धान्यातला स्टार्च पाणी आणि उष्णता मिळाली की फुगतो, चिकट होतो आणि थंड झाल्यावर घट्ट बसतो.

गोळीच्या कारखान्यात हेच काम वाफ करते. दळलेल्या मिश्रणाला वाफ देऊन ते साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ओलावा १५ ते १७ टक्क्यांवर येतो. मग ते डायच्या भोकांतून दाबून काढतात. म्हणजे पहिला बाइंडर तुमच्या धान्यातच आहे, फक्त त्याला जागे करावे लागते.

आधी या चार गोष्टी

एक, दळण. जाड कण राहिला की गोळीला तिथूनच तडा जातो. दळणे हे शास्त्र आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या १९५० पासून काम करणाऱ्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेत पीठ-गिरणी तंत्रज्ञानाचे वेगळे शिक्षण दिले जाते.

दोन, वाफ. वाफेबरोबर पाण्याचे थेंब आले की मिश्रण कुठे ओले, कुठे कोरडे राहते. ते वाफेत पुरेसा वेळ राहिले नाही, तर स्टार्च फुलत नाही.

तीन, तेल. तेलकट मिश्रण डायमधून सहज घसरते, त्यामुळे दाब बसत नाही. तेलासकटचा भाताचा कोंडा जास्त घातला की गोळी सैल होते. वरून तेल द्यायचे असेल, तर ते गोळी तयार झाल्यावर फवारावे.

चार, थंड करणे. गरम गोळी पोत्यात भरली की आतला ओलावा बाहेर येतो, गोळी मऊ पडते आणि बुरशी धरते. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणूनच पोते शिवावे.

आता बाइंडर

हे सगळे नीट असूनही भुगा पडत असेल, तर बाइंडरचा विचार करा. मंड्याला १९३३ पासून साखर कारखाना आहे, कोल्हापूर-बेळगावकडे तर कारखान्यांची रांगच आहे. तिथे मिळणारी मळी, म्हणजे मोलॅसिस, गुरांच्या गोळीला बांधते, चव देते आणि ऊर्जाही देते. पण ती पाण्यात विरघळते, म्हणून तळ्यात एकट्या मळीवर भरवसा नको.

बेन्टोनाइट ही माती आहे, साधारण एक ते दोन टक्के घालतात. ती स्वस्त पडते, पण पोषण शून्य. दोन टक्के पोषणशून्य पदार्थ घातला की २० टक्के प्रथिनांचे खाद्य १९.६ टक्क्यांवर येते. लाकडाचा लगदा करताना निघणारे लिग्नोसल्फोनेटही कारखान्यांत वापरतात.

गवारीच्या बियांचा गम थोडासाच पुरतो. जास्त झाला तर पोटात चिकट रस होऊन पचन मंदावते. गव्हाचे ग्लुटेन बांधतेही आणि प्रथिनेही देते, पण महाग पडते. टॅपिओकाचा स्टार्च चालतो, मात्र त्याला वाफ नीट मिळायला हवी.

गाय वेगळी, कोळंबी वेगळी

गुरांच्या गोळीने पोत्यात आणि वाहतुकीत टिकावे, एवढे पुरे. तोंडात ती सहज फुटली पाहिजे, दगड झाली तर जनावर खात नाही. रोहू-कटला गोळी लवकर खातात, त्यामुळे गोळी थोडा वेळ टिकली तरी भागते. कोळंबी मात्र गोळी धरून कुरतडत बसते. तिची गोळी पाण्यात दोन-तीन तास टिकावी लागते, म्हणून दळण अगदी बारीक आणि बाइंडर पाण्यात न सुटणारा हवा. तरंगणारे खाद्य एक्सट्रूडरमध्ये शंभर अंशांच्या वर शिजते. स्टार्च तिथेच पुरेसा फुलतो, म्हणून वेगळा बाइंडर बहुधा लागत नाही.

घरी करायची परीक्षा

कारखान्यात ५०० ग्रॅम चाळलेल्या गोळ्या फिरत्या पेटीत मिनिटाला ५० फेऱ्यांनी १० मिनिटे फिरवतात, पुन्हा चाळतात आणि वजन करतात. ४७० ग्रॅम उरल्या तर टिकाऊपणा ९४ टक्के. घरी झाकणाच्या डब्यात १० मिनिटे एकसारखा हात चालवा. आकडा कारखान्याशी जुळणार नाही, पण दोन पोत्यांची तुलना नक्की होईल. माशांच्या खाद्यासाठी तळ्याचेच पाणी काचेच्या ग्लासात घ्या, दहा गोळ्या टाका आणि १०, ३० आणि ६० मिनिटांनी पाहा. कोळंबीसाठी पुढेही पाहत राहा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा वहीत लिहा. बाइंडरचा टनामागचा खर्च वाचलेल्या भुग्याच्या किमतीपेक्षा कमी असेल, तरच तो घ्या. पुष्कळदा वाफ आणि चाळण सुधारली की त्याची गरजच उरत नाही.

पुढच्या भागात पावसाळ्यात खाद्य कसे साठवावे, ते पाहू.