उरलेल्या तासाचे दान

इंग्लंडमधील लहानमोठ्या गावांतून एक साधी रीत अनेक वर्षे चालत आलेली आहे. मोटार उभी करणारा मनुष्य वाहनतळावरील यंत्रात नाणी टाकून दोन तासांचे तिकीट घेतो व ते काचेआड दर्शनी भागी ठेवतो. त्याचे काम तासाभरात आटोपले, तर निघताना ते तिकीट तो नुकत्याच आलेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती देतो. घेणारा आभार मानतो, देणारा प्रसन्न चित्ताने मार्गस्थ होतो आणि पुन्हा त्या दोघांची गाठ बहुधा पडत नाही. स्विंडनसारख्या गावी जाऊन राहिलेल्या आमच्या गोमंतकीय बांधवांसही ही रीत अपरिचित नसावी. परंतु त्याच तिकिटावर पुष्कळदा बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, की हे तिकीट दुसऱ्यास देता येणार नाही. म्हणजे ज्या कृतीस आपण सौजन्य समजतो, ती नियमाच्या दृष्टीने आगळीक ठरते. तेव्हा ती पुण्याच्या खाती जमा करावी, की चोरीच्या?

चार नाण्यांच्या प्रश्नासाठी अग्रलेखाची शाई कशास खर्च करावी, असे कोणी म्हणेल. परंतु सार्वजनिक नीतीची खरी परीक्षा लाखांच्या अपहारात होत नाही. तेथे बरेवाईट सर्वांनाच दिसत असते. ती होते अशा किरकोळ व्यवहारात, जेथे सज्जन माणसासही आपण काय करीत आहोत याचा नीट उलगडा होत नाही.

आमच्या भाषेत या शंकेला नेमका शब्दप्रयोग आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. स्वतःच्या मालकीचे नसलेले दान करून पुण्य पदरात पाडून घेणाऱ्याला तो लावतात. तिकीट देणारा गृहस्थ हेच करतो काय? याचे उत्तर त्याने विकत काय घेतले यावर अवलंबून आहे. जागेचे दोन तास घेतले असतील, तर उरलेला तास त्याचा आहे व तो कोणासही देण्यास तो मुखत्यार आहे. आपल्या गाडीपुरती परवानगी घेतली असेल, तर गाडी हलताच ती परवानगी संपली. नगरपालिका दुसरा अर्थ लावते आणि तिकीट विकतानाच तो सांगते. त्यामुळे कराराच्या अंगाने पाहता तिची बाजू भक्कम आहे. परंतु ग्राहक लवकर गेला तर उरलेल्या वेळेचे पैसे ती परत करीत नाही. तोच तास दुसऱ्यास नव्याने विकते. एकच नारळ दोनदा विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणाचे धडे द्यावेत, हे आम्हांस थोडे विपरीत वाटते.

आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटाची गोष्ट याच्याजवळची आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४२ वे कलम आरक्षित तिकीट दुसऱ्याच्या प्रवासासाठी हातावेगळे करण्यास मनाई करते. एक पैसा न घेता दिले तरीही तो गुन्हाच. कुटुंबातील व्यक्तीच्या नावे ते बदलून घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी गाडी सुटण्यापूर्वी चोवीस तास अर्ज करावा लागतो. हा नियम कडक असला तरी त्यामागील कारण सबळ आहे. तिकीट हस्तांतरणीय केले तर दलालांचे राज्य सुरू होईल, आणि प्रतीक्षायादीत आधीपासून तिष्ठत असलेल्या उतारूला डावलून मागाहून आलेल्यास जागा मिळेल. वाहनतळावर तसे होत नाही. मोकळी झालेली जागा जो प्रथम येईल त्याचीच, मग त्याच्या हाती जुने तिकीट असो वा नवे. कोणाचीही पाळी बुडत नाही. ज्या कारणाने एका ठिकाणी नियम न्याय्य ठरतो, ते कारणच दुसऱ्या ठिकाणी नसेल, तर केवळ छापील अक्षरे सारखी आहेत म्हणून दोहोंस एका मापाने मोजता येणार नाही.

वाहने उभी करण्याचे शुल्क मुळात आले कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. पहिले नाण्याचे यंत्र १९३५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरी बसले. त्याचे जनक कार्ल मॅगी हे पेशाने वृत्तपत्राचे संपादक होते. (संपादकांच्या सर्वच सूचना वाया जात नाहीत, याची आम्ही समाधानाने नोंद करतो.) पेठेत काम करणारी मंडळी सकाळी मोटारी लावीत त्या संध्याकाळपर्यंत हलवीत नसत, आणि गिऱ्हाइकाला जागा न मिळाल्याने दुकानदार हवालदिल झाले होते. तासाला पाच सेंट आकारताच जागा फिरती झाली. अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. रस्त्यावरील सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात व एखाददुसरी नेहमी मोकळी मिळावी, इतकाच दर असावा, असे ते सांगत. आपल्या केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातही, व्यापलेल्या जमिनीचे मोल दाखवील असे शुल्क असावे, हे तत्त्व मान्य केलेले आहे. तात्पर्य, शुल्काचा पहिला हेतू तिजोरी भरणे हा नसून जागा अडून न राहणे हा आहे. त्या कसोटीस तिकिटाचे दान बरेचसे उतरते, कारण एक मोटार वेळेआधी निघते आणि दुसरीला मुदतीत निघावे लागते. गर्दीच्या पेठेत मात्र फुकटचा तास मिळालेला मनुष्य विनाकारण रेंगाळेल, हा आक्षेप आम्ही नाकारीत नाही.

दान करण्याच्या याहून रंजक तऱ्हाही झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियातील सर्फर्स पॅरडाइझ या किनाऱ्यावरील गावी यंत्रे बसताच पर्यटक दुरावतील अशी धास्ती व्यापाऱ्यांना वाटली, आणि १९६५ साली सोनेरी पोहण्याचे पोशाख घातलेल्या तरुणींकरवी, मुदत संपलेल्या यंत्रांत नाणी टाकण्याचा प्रघात त्यांनी पाडला. आमच्या किनाऱ्यावरील कल्पक व्यापाऱ्यांनी तो उचलू नये, अशी आमची विनंती आहे. अमेरिकेतील कीन या गावी काही कार्यकर्ते अनोळखी लोकांच्या यंत्रांत स्वतःची नाणी टाकीत व दंड चुकवीत. ते कॅमेरे घेऊन कर्मचाऱ्यांच्या पाठीस लागतात, या तक्रारीवरून शहर न्यायालयात गेले. कामात गैर हस्तक्षेप केल्याचा शहराचा दावा २०१५ साली न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. अंतर राखण्याच्या आदेशाचा प्रश्न तेवढा खालच्या न्यायालयाकडे परत धाडला. या दोन्ही ठिकाणी नाणे नगरपालिकेलाच मिळत होते, बुडत होता तो फक्त दंड. तिकीट देणाऱ्याची गोष्ट याहून थोडी नाजूक आहे, कारण येथे पुढील शुल्कच बुडते.

तरीही रुग्णालयाच्या आवारातील तिकिटाला हे सारे हिशोब लावण्यास आमची लेखणी धजत नाही. तेथे चार तासांचे तिकीट काढलेला माणूस एका तासात परत फिरतो, तो कधी रोग्याला घरी नेण्याची परवानगी मिळाल्यामुळे, तर कधी भेटण्यास कोणी उरले नाही म्हणून. जाता जाता तो ते तिकीट समोरून घाईने येणाऱ्याच्या हाती ठेवतो, तेव्हा त्या कागदावर शुल्काहून अधिक काही लिहिलेले असते. स्कॉटलंड व वेल्स येथील सरकारांनी २००८ साली बहुतेक सरकारी रुग्णालयांच्या आवारातील हे शुल्कच रद्द केले. इंग्लंडमध्ये ते अद्याप बऱ्याच ठिकाणी आहे, रुग्णांच्या काही वर्गांना सूट मिळाली असली तरी. दुखण्याच्या दारात उभे राहून तासाचे मोल घेणारी व्यवस्था आणि ते मोल दुसऱ्यासाठी भरून जाणारा अनोळखी माणूस, या दोहोंत दोषी कोण हे ठरविण्यास आम्हांस फार वेळ लागत नाही.

एवंच, आपण होऊन, मोबदला न घेता, हातोहात दिलेले तिकीट आम्ही चोरी मानीत नाही. वाहनतळाच्या तोंडाशी उभे राहून जाणाऱ्यांकडून तिकिटे गोळा करणारा व निम्म्या दराने विकणारा इसम मात्र सरळसरळ धंदा करतो. त्याला परोपकाराचे नाव देण्याचे कारण नाही. आता बरीच यंत्रे गाडीचा क्रमांक विचारून तो तिकिटावरच छापतात, त्यामुळे दाता आणि याचक दोघेही निकालात निघाले आहेत. यंत्राला क्रमांक कळतो, तर गाडी निघाल्याची वेळही कळावी व उरलेल्या तासाचे पैसे धन्यास परत मिळावेत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. बाहेर पडताना प्रत्यक्ष थांबलेल्या वेळेचे पैसे घेणारे वाहनतळ आहेतच. तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

आमच्याकडे प्रश्न वेगळाच आहे. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या घरात असलेल्या गोव्यात आज नोंदलेली वाहने त्या आकड्याच्याही पुढे गेली आहेत, आणि पणजीचा अठरा जून मार्ग असो वा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, गाडी लावण्यास जागा शोधणे हाच एक उद्योग होऊन बसला आहे. आपल्या शहरांतून वसुली बहुधा कंत्राटदाराचा माणूस करतो. पावती दुसऱ्यास द्यावी की न द्यावी हा विचार मनात येण्यासाठी आधी ती हाती पडावी लागते. पुष्कळदा पैसे घेतले जातात व पावती मागणाऱ्याकडे नवल वाटून पाहिले जाते. कधी तर पावती नको असेल तर दोन रुपये कमी द्या, असा सौदाही ऐकू येतो. हा सौदा पत्करणारा नागरिक इंग्लंडातील त्या तिकीटदात्याहून अधिक दोषी आहे, कारण त्या दात्याने निदान एकदा तरी पुरते पैसे सार्वजनिक तिजोरीत भरले होते. नवी कंत्राटे देताना गाडीचा क्रमांक, आल्याची व गेल्याची वेळ आणि घेतलेली रक्कम छापणारे हातातील यंत्र सक्तीचे करावे, आणि दिवसाअखेर त्या यंत्रातील बेरीज नगरपालिकेच्या दप्तरी थेट जमा व्हावी. नगरसेवकांनी येत्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत हा मुद्दा लावून धरावा.