पाइप रिकामे करण्याचा शनिवार

सकाळी ७:००
ऑक्टोबरच्या मध्याला मिनियापोलिसच्या आमच्या उपनगरात सात वाजता धड उजाडलेलंही नसतं. बाहेर उणे १, गवतावरचं दहिवर गोठून पांढरं झालेलं. एवढ्या थंडीने पाइप फुटत नाहीत. इलिनॉय विद्यापीठात दक्षिणेकडच्या राज्यांतली घरं डोळ्यांसमोर ठेवून १९९६ साली जो अभ्यास झाला, त्यात न गुंडाळलेल्या पाइपांसाठी धोक्याची खूण उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास निघाली होती. आमच्याकडे उणे ७ म्हणजे जानेवारीतली साधी दुपार. ३० जानेवारी २०१९ ला इथल्या विमानतळावर पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता. त्या थंडीची तयारी आत्ताच करायची, पान्यावर बोटं नीट वळतात तोवर.

चहा होईपर्यंत सासरे कानटोपी घालून तयार. त्यांची सगळी नोकरी सोलापुरात पाणीपुरवठ्यात झाली. सहा महिन्यांसाठी आलेत. डिसेंबरात आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर सोलापूरला जाणार, तीन आठवडे घराला कुलूप. त्यामुळे यंदाची तयारी जरा जास्त काळजीने.

सकाळी ८:००
आधी बागेचे रबरी पाइप नळांवरून सोडवायचे. काम पाच मिनिटांचं, पण माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं. मागच्या अंगणातला नळ थंडीसाठीच केलेला आहे: फिरकी बाहेर, पण पाणी अडवणारी चकती भिंतीच्या आत वीसेक सेंटिमीटरवर, घराच्या उबेत. नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी उताराने आपोआप गळून जातं. मात्र तोंडाला रबरी पाइप लावलेला राहिला तर ते पाणी आत अडकतं, गोठतं आणि नळी भिंतीच्या आत चिरते. कळतं ते मे महिन्यात, झाडांना पाणी घालायला पहिल्यांदा नळ सोडल्यावर, बेसमेंटची भिंत ओली झाली की.

पुढचा नळ जुन्या पद्धतीचा. त्याचा व्हॉल्व्ह बेसमेंटमध्ये. तो बंद करून बाहेरचा नळ उघडला, चार धारा आल्या आणि थांबल्या. बाबांनी लगेच विचारलं, "हवा कुठून घेणार तो?" हाच तर प्रश्न. व्हॉल्व्हच्या पोटाला नखाएवढी पितळी टोपी असते. ती सैल केली तसं फुस्स आवाज झाला आणि उरलेलं पाणी बाहेर आणि खालच्या बादलीत, दोन्हीकडून निथळलं. बाबांनी टोपी हातात घेऊन चष्म्याजवळ धरून पाहिली. आतला काळा रबरी वायसर पिचलेला होता. खिशातून नवा काढून त्यांनीच बसवला.

सकाळी ९:३०
स्प्रिंकलर. हिरवळीखालचे पाइप वीतभर खोल असतात आणि इथली जमीन त्याच्या कितीतरी खाली गोठते. मिनेसोटाच्या दक्षिण भागात घराचा पाया निदान ४२ इंच खोल न्यावा लागतो, उत्तरेकडे ६० इंच. तेव्हा या पाइपांत पाणी राहू देणं परवडणारं नाही, आणि ते सगळं उताराने निघतही नाही. हवा मारून काढावं लागतं.

शेजारच्या दोन घरांबरोबर मिळून मोठा कॉम्प्रेसर भाड्याने आणलाय. गॅरेजमधला टायरला हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर चालत नाही, कारण इथे दाब फार लागत नाही, हवा भरपूर लागते. आमचे पाइप पॉलिथिनचे, म्हणून दाब ५० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही. दाब वाढवून काम लवकर उरकायला गेलं की सांधे उखडतात.

क्रमही पाळावा लागतो. स्प्रिंकलरचा पाणीपुरवठा बेसमेंटमधून बंद. मग सगळ्यात लांबच्या भागाचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि त्यानंतर हवा सोडायची, उलटं नाही. डोळ्यांना चष्मा, आणि तोंडाशी वाकून कोणी उभं राहायचं नाही. लेकीला पायरीवरूनच बघायला सांगितलं.

कुंपणाजवळची तोंडं एकेक करून जमिनीतून वर आली. आधी नेहमीसारखी धार, मग धार तुटायला लागली, थुंकल्यासारखे फटकारे, मग पांढरं धुकं आणि शेवटी कोरडा सूं आवाज. कोरडा आवाज आला की हवा तिथेच थांबवायची, नाहीतर पाण्यावाचून फिरून तोंडांमधली प्लास्टिकची दातेरी चाकं तापून खराब होतात. एका दमात लांबवण्यापेक्षा प्रत्येक भागाला थोडी थोडी हवा दोनदा द्यावी. बाबा भिंतीवरच्या पाइपला तळवा लावून उभे होते. "अजून आहे, अजून आहे... गेलं," असं ते सांगायचे आणि त्यांचा अंदाज चुकला नाही. शेवटी भिंतीजवळच्या उलट्या प्रवाहाच्या झडपेच्या दोन्ही दांड्या अर्ध्या वळवून, ४५ अंशांवर ठेवल्या. पूर्ण बंद केल्या तर गोळ्याच्या पोकळीत पाणी कोंडून राहतं.

दुपारी १२:३०
पिठलं-भात. आईंनी लसणीचा ठेचा केला होता.

दुपारी १:३०
बेसमेंट. पाइप फुटतो तो बर्फ धरतो त्याच जागी, असं नेहमी होत नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बर्फ पाइप बुजवतो, वाढत जातो आणि त्याच्या व बंद नळाच्या मध्ये सापडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. फुटतं ते तिथे. कडाक्याच्या रात्री नळ बारीक गळता ठेवतात तो याचसाठी, त्या दाबाला वाट मिळते.

फोमच्या नळकांड्यांवर मात्र लोक नको इतका भरवसा ठेवतात. फोम ऊब देत नाही, असलेली टिकवतो. जिथे ऊबच नाही तिथे गोठणं थोडं लांबतं, टळत नाही. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये वीज गेली, घरं गार पडली आणि माळ्यावरून, बाहेरच्या भिंतींतून नेलेले पाइप असंख्य घरांत फुटले. म्हणून आम्ही आधी गार हवेच्या फटी शोधतो. त्यासाठी उदबत्तीसारखं साधन नाही. पायाच्या भिंतीवर जिथे घराचं लाकूड टेकतं, त्या कडेने ती हळूहळू फिरवायची. धूर सरळ चढत असतो आणि एकदम आडवा होतो, तिथे फट. अशा तीन सापडल्या, त्यातली एक नेमकी स्वयंपाकघराच्या पाइपाशेजारी. पिचकारीने फोम भरला.

गॅरेजच्या भिंतीतल्या पाइपला तापणारी विजेची वायर आहे. पाइप ३ अंशांच्या आसपास आला की ती आपोआप चालू होते. ती स्वतःवर चढवून गुंडाळायची नाही, तिथे जळते. वायर तपासली, प्लग तपासला.

दुपारी ४:००
आता मुख्य व्हॉल्व्ह. रस्त्यावरून पाणी घरात शिरतं तिथे, मीटरच्या अलीकडे, पाव फेऱ्यात बंद होणारा दांडीचा व्हॉल्व्ह आहे. बाबांनी दोनदा बंद-चालू केला. "वर्षातून दोनदा फिरवायचाच. न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी जाम झालेला मिळतो."

मग मी सगळ्यांना खाली बोलावलं. माझं म्हणणं साधं आहे: घरात पाण्याची वाट कुठून कशी गेली आहे, हे एकट्या कर्त्या माणसालाच ठाऊक असणं बरं नाही. रात्री दोनला छतातून पाणी कोसळायला लागलं तर जो जागा असेल त्याला दांडी सापडली पाहिजे. लेकीने बंद केला. नवऱ्याने केला. आईंची बोटं संधिवाताने आखडलेली, पण तळव्याने रेटून त्यांनीही केला. "हे मला आधी कुणी दाखवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. दांडीला लाल रिबन बांधली.

संध्याकाळी ६:००
डिसेंबरचं ठरवायला बसलो. हिटिंग पूर्ण बंद करायचं नाही, निदान १३ अंशांवर ठेवायचं. आमच्या विम्याचीही अट आहे: रिकाम्या घरात एकतर ऊब ठेवा, नाहीतर पाणी काढा. आम्ही दोन्ही करणार. मुख्य व्हॉल्व्ह बंद, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप मोकळे, पाण्याचा हीटर सुट्टीच्या खुणेवर, बाहेरच्या भिंतीकडच्या सिंकखालच्या कपाटांची दारं सताड उघडी. हिटिंग बंद ठेवायचं असतं तर सिंकखालच्या वळणांत आणि कमोडमध्ये गुलाबी प्रॉपिलिन ग्लायकॉल ओतावं लागलं असतं. गाडीचं कूलंट तिथे चुकूनही वापरू नये, ते विषारी असतं.

रात्री ८:३०
शेजारच्या काकूंसाठी कागद लिहिला. त्या दर दोन दिवसांनी डोकावणार आहेत. घर गार लागलं तर आधी फर्नेस बघा आणि दुरुस्तीवाल्याला फोन करा, नंबर खाली आहे. कुठे ओल दिसली तर पाणी अजून बंदच आहे ना, लाल रिबनची दांडी बघा. आमच्या परतीच्या दिवशी व्हॉल्व्ह उघडल्यावर एखाद्या नळाला पाणी आलं नाही तर तो उघडाच ठेवा, हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने मागे मागे शेकत जा, ज्योत पेटवून कधीच नाही. बाबांनी वाचून एक ओळ वाढवायला लावली: व्हॉल्व्ह उघडताना एकदम नाही, सावकाश, नाहीतर आत शिरलेली हवा पाइपांना हिसके देते.