विद्येच्या गावी एक दिवस

बीडहून अंबाजोगाईला निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. मग केज, आणि पुढे बालाघाटच्या पठारावर हे गाव. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. माझी दादी शेवटपर्यंत त्याला मोमिनाबादच म्हणायची. निजामी राजवटीतलं ते नाव. तेव्हा इथं घोडदळाची छावणी होती. घरात दखनी बोलणारा मी मराठी विषय घेऊन बी.ए. करायला इथं आलो आणि मराठीतच लिहू लागलो. म्हणून या गावाचं माझ्यावर ऋण आहे.

बहुतेक लोक येतात ते योगेश्वरीच्या दर्शनाला. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता. दर्शन झालं की मंडळी परळी वैजनाथची वाट धरतात. माझी विनंती आहे, एक दिवस थांबा.

आधी हत्तीखाना पाहा. खडकात कोरलेली लेणी आणि अंगणात दगडी हत्ती. मग खोलेश्वराचं देऊळ. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम लढाईत पडला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मीनं देऊळ बांधलं, असं इथला १२४० चा शिलालेख सांगतो. खोलेश्वरानं अग्रहार वसवले. अग्रहार म्हणजे विद्वानांना अध्ययन-अध्यापनासाठी दान दिलेलं गाव. त्या काळचं छोटं विद्यापीठच म्हणा ना! मात्र तिथली विद्या संस्कृतात होती आणि ती मोजक्यांनाच मिळे.

ही विद्या लोकांच्या भाषेत आणणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ सांगतात, ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे शंभर वर्षं. काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे आणि वैनगंगेकाठचं आंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. पण वेदान्तासारखा अवघड विषय मराठीत सांगता येतो, हे त्यांनी दाखवलं, याबद्दल वाद नाही.

दासोपंत त्यानंतरचे, १५५१ ते १६१५ मधले. कागद अपुरा वाटला की काय, त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ओव्या लिहिल्या. हीच त्यांची ‘पासोडी’. पासोडी म्हणजे गरिबाचं जाडंभरडं पांघरूण. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला दादीची गोधडीच आठवली.

पुढे निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम तेच होतं. उर्दू माझ्या घरच्या उंबऱ्यावरची, मला प्रिय. पण शेतकऱ्याच्या मराठी पोराला आधी भाषा शिकायची आणि मग विषय, असं दुहेरी ओझं होतं. अशा दिवसांत स्वामी रामानंद तीर्थ १९३५ च्या सुमारास इथल्या योगेश्वरी विद्यालयात शिकवायला आले. १९३८ मध्ये ते सत्याग्रहात उतरले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १९७४ मध्ये गावात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आज त्याला स्वामीजींचं नाव आहे. खेड्यातल्या रोग्यापर्यंत डॉक्टर पोचावा, हा त्यामागचा विचार.

म्हणजे देवळातलं ज्ञान ओवीत आलं, ओवी पासोडीवर आली, शिक्षण गावात आलं. या गावाची आठशे वर्षांची वाट अशी खाली उतरणारी आहे, मुकुंदराजांच्या पायऱ्यांसारखी.

पण ती वाट अजून संपलेली नाही. दसरा झाला की आसपासच्या गावांतून कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर सहा महिने जातात. लेकरं कधी हंगामी वसतिगृहात राहतात, कधी आजीजवळ, तर कधी आईबापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून जातात. मग शाळेच्या हजेरीपटावर नाव राहतं आणि बाकावरची जागा रिकामी पडते.

तेव्हा अंबाजोगाईला याल ते दसऱ्यानंतर या. हवा चांगली असते, दरी हिरवी असते. आणि परतताना रस्त्यात गच्च भरलेला ट्रॅक्टर दिसला, तर त्यावर दप्तर घेतलेलं पोर आहे का, तेवढं पाहा.